एक म्हणजे हो

हॅलिफॅक्स, कॅनडा
५ ऑक्टोबर १९९७

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार. या खोलीत साष्टांग घालायला जागा नाही, तेव्हा तो मनातल्या मनात समजून घे.

विद्यापीठात शिकवायला लागून पाच आठवडे झाले. वर्गात ठीक चाललंय. भूगोल कुठेही भूगोलच असतो आणि इथली खाजणं पाहिली की आपल्या नायगावची आठवण येते. अवघड जातं ते वर्गाबाहेर. माणसं चांगली आहेत, हसून हवेबद्दल बोलतात आणि कप घेऊन आपापल्या खोलीत जातात. मग मी हवेबद्दल अजून काय बोलता आलं असतं याचा विचार करत बसतो.

आमच्या विभागात फ्रेडरिक म्हणून जुने प्राध्यापक आहेत, निवृत्तीला आलेले. ते म्हणाले, शनिवारी माझ्या गॅरेजमध्ये ये. गॅरेजमध्ये चार म्हातारे पाइप ओढत बसले होते, कारण विद्यापीठात आता धूम्रपानाला बंदी आहे. एक जण जुने रेडिओ दुरुस्त करतो, एक मासे धरायच्या गळाला पिसं बांधतो, एक पोस्टाने बुद्धिबळ खेळतो. नवीन माणसाने तीन महिन्यांत स्वतःच्या हातचं काहीतरी बाकीच्यांना शिकवायचं, असा त्यांचा नियम. मला विचारलं, तुझा छंद काय? परीक्षा पास होणं हा काही छंद नाही.

त्यांनी मला एक जुना पाइप दिला. पहिल्या दिवशी खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. पण आत्या, एक गंमत सांगतो. हातात पाइप नसेल तर गप्प बसलेला माणूस एकटा वाटतो. पाइप असला की तोच माणूस विचार करतोय असं वाटतं. राख झाडायला टेबलावर बुचाचा एक गोळा ठेवलाय. फ्रेडरिकनं त्यावर पाइप टक टक वाजवला की बैठक संपली.

काल सुचलं, मी यांना आपली सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी, करायला शिकवीन. तेव्हा बाबांना कृती विचारून सविस्तर कळव. मागच्या फोनला त्यांचा आवाज फुटक्या पिपाणीसारखा येत होता. घसा अजून धरलेलाच आहे का? निर्मळच्या जत्रेत त्यांच्याशिवाय गिऱ्हाइकांना हाका कोण मारणार?

पाइपचं त्यांना सांगितलंस तरी चालेल. पस्तीस वर्षं विड्या ओढलेला माणूस मला काय बोलणार!

तुझा
संकेत

*

परळ
१२ नोव्हेंबर १९९७

चि. मनू,

ही चिठ्ठी मधूच्या हाती देतोय. मेव्हणा असून सख्ख्या भावासारखा उशाशी बसून आहे बिचारा. मला उद्या सकाळी आत नेतील. डॉक्टरांनी आज कागदावर चित्र काढून दाखवलं. घशातलं बोलण्याचं यंत्र सगळंच काढणार आणि श्वास घ्यायला गळ्याला भोक ठेवणार. चित्र बरं काढलं होतं. शाळेत असता तर मी दहापैकी सात दिले असते.

म्हणजे बोलायला आजचाच दिवस. सकाळपासून घोगऱ्या आवाजात बडबडतोय. शेजारच्या खाटेवरच्या माणसाला केळीच्या बागेला पाणी कसं द्यावं ते समजावलं. तो टॅक्सी चालवतो. शेवटी नर्स म्हणाली, मास्तर, आता पुरे. शेवटचं काय बोलावं हे मात्र सुचेना. मधूला म्हटलं, घरी पोचलास की पंप बंद आहे ना बघ.

तुझ्या लाडक्या भाच्याला, संकेतला, कळवायचं नाही. तू देवळात दिव्यासमोर कबूल केलं आहेस. त्याची आई आजारी होती तेव्हा पोरगा एम.ए.चा पेपर टाकून आला आणि वर्ष घालवून बसला. आताही तेच करील. मे महिन्यात त्याला नोकरीत कायम करणार आहेत. तोवर माझा घसा बसलाय, एवढंच सांगायचं.

त्याचं पाइपचं वाचून हसू आलं. हसलं की दुखतं.

दादा

*

निर्मळ
२८ नोव्हेंबर १९९७

चि. संकेत, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तराला उशीर झाला. घरात जरा कामं होती.

परवा जत्रा झाली. या वर्षी आपल्या सुकेळ्यांच्या टोपलीपाशी मधूमामा बसला. त्याला हाका मारता येत नाहीत. तोंडावर रुमाल धरून ‘घ्या, घ्या’ म्हणतो, जसा काही चोरीचाच माल विकतोय. बाबांचा घसा अजून बसलेला आहे. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे, म्हणून ते पाटीवर लिहून सांगतात. शाळेतली जुनी दगडी पाटी माळ्यावरून काढली. मी लिहिलेली वाणसामानाची यादीसुद्धा खडूने तपासून देतात.

कृती त्यांच्याच शब्दांत लिहिते. राजेळी केळी घ्यावी. झाडावर पिकू न देता घरात पिकवावी. सोलताना सुरी लावू नये. चटईवर मोकळी मांडून आठ दिवस उन्हात ठेवावी, संध्याकाळी झाकावी, सकाळी उलटावी. मधाचा रंग आला की केळीच्याच सुकल्या पानात गुंडाळून केळीच्याच दोऱ्याने बांधावी. खाली त्यांनी लिहिलंय, ‘उन्हाशिवाय सुकेळी होत नाहीत. उन्हाशिवाय प्राध्यापक होतात असं दिसतं.’

तुझ्याकडे ऊन नाही, म्हणून शेजारच्या कार्मिनच्या पुतणीबरोबर तयार सुकेळी पाठवली आहेत. ती विनी, टोरांटोला असते. ती तुला पार्सल करील. सोबत सुकली पानं आणि दोरा आहे. तुझ्या म्हाताऱ्यांना बांधणी तरी शिकव. आठवतंय का, तू पाच वर्षांचा असताना दोरा दातांत धरून बाबांच्या मांडीवर बसून बांधायचास? गाठ त्यांची, वर दोऱ्याचं फूल तुझं.

आता माझं एक ऐक. तो पाइप सोड. कारण विचारू नकोस. माझ्यासाठी सोड.

आत्या

*

हॅलिफॅक्स
२१ डिसेंबर १९९७

प्रिय आत्या,

सुकेळी पोचली. डबा उघडला आणि आधी नाक आत घालून वास घेतला.

शनिवारी गॅरेजमध्ये बांधणी शिकवली. गळाला पिसं बांधणाऱ्या म्हाताऱ्याने पहिल्याच फटक्यात गाठ मारली, ती बाबांनीही पास केली असती. बाकीच्यांची सुकेळी मुंबईहून सायकलवर आणल्यासारखी दिसत होती. पण त्यांनी मला टाळ्या वाजवून मंडळात घेतलं. आता बुधवारी जेवायलाही बोलावतात.

पुढचं वाचून तू रागावशील. पाइपची तंबाखू कोरडी पडू नये म्हणून हे लोक डब्यात सफरचंदाची फोड ठेवतात. फ्रेडरिकनं त्याऐवजी माझ्या डब्यात अर्धं सुकेळं ठेवलं. आता पाइप पेटवला की जत्रेचा वास येतो. बाबांच्या बंडीचा, विडीचा, केळीच्या पानांचा वास. मग सोडू कसा? ‘कारण विचारू नकोस’ म्हणतेस, अगदी तुझ्या शाळेतल्या सिस्टर पॉलिनसारखी!

एक विचारायचं आहे. तीन रविवार झाले, मी फोन केला की बाबा वाडीत गेलेले असतात. संध्याकाळी साडेसातला वाडीत काय असतं गं? बोलायला मनाई आहे हे कबूल. पण नुसतं ‘बरं’ म्हणायलाही मनाई आहे का? ते माझ्यावर रागावलेत का? पाइपवरून? खरं सांग.

संकेत

*

निर्मळ
११ जानेवारी १९९८

चि. संकेत, आशीर्वाद.

तू मंडळात रुळलास हे वाचून बरं वाटलं. बुधवारच्या जेवणाला जाताना स्वेटर घालून जा.

इथे थंडी बरी आहे. बावखलातलं पाणी भरपूर आहे, तळं या वर्षी आटणार नाही. फुलं चांगली निघतायत. सोनचाफ्याचं नवीन कलम लावलं. कार्मिनने नाताळात केलेले सगळे पदार्थ आधी आपल्याकडे आले. कार्मिनची पॉमेरेनियन कुत्री व्यायली, तीन पिल्लं झाली.

बाबा रागावलेले नाहीत. वाडीत असतात, कारण पंप सारखा बिघडतो.

सिस्टर पॉलिन आम्हाला पत्रलेखन शिकवायच्या. त्या म्हणायच्या, मुलींनो, पत्र लिहून झालं की आलेलं पत्र पुन्हा शेजारी ठेवा आणि पाहा, विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं का. मी आत्ता तुझं पत्र शेजारी ठेवलं आणि पुन्हा घडी घालून आत टाकलं.

पाइप सोड रे बाळा.

आत्या

*

हॅलिफॅक्स
३ फेब्रुवारी १९९८

आत्या,

आता मला खोटं सांगू नकोस. मला कळलंय.

परवा मी वेगळ्या वेळी फोन केला. इथे सकाळ होती, तुमच्याकडे दुपारचे चार. मुद्दामच केला, म्हटलं या वेळी बाबा झोपून उठलेले असतात. चार रिंगा वाजल्या आणि फोन उचलला गेला. मी म्हणालो, “बाबा?” कुणी बोललं नाही. पण श्वास ऐकू येत होता. जोरजोरात, शिट्टीसारखा, रागाने नाक फेंदारल्यावर येतो तसा. मी म्हणालो, “बाबा, मी संकेत.” श्वास आणखी जोरात झाला. मी दोन वाक्यं बोललो असेन आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

मुलाचं नाव ऐकून फोन ठेवला, आत्या! दहावीला गणितात नापास झालो तेव्हाही त्यांनी असं केलं नव्हतं. त्या दिवशी मला घेऊन चांदीपला गेले, शेताच्या बांधावर बसवलं आणि म्हणाले, आता रड आणि मग गणित आण.

त्यांना वाटत असेल, पोराला शिकवलं, परदेशी धाडलं आणि हा पाइप ओढून साहेब झाला. तसंच असेल तर तसं. मी परवापासून ओढलेला नाही. पाइप या पार्सलातच पाठवतोय. बाबांच्या हातात दे. मोडायचा तर त्यांनी मोडावा, चुलीत घालायचा तर घालावा. पण त्यानंतर एकदा माझ्याशी बोलावं. एक शब्द पुरे. शिवी चालेल.

संकेत

*

(वहीचा फाडलेला कागद. तारीख नाही.)

मनू,

संकेतचं पत्र आल्यापासून चार दिवस तू पाटीकडे बघत नाहीस. मी लिहून समोर धरतो आणि तू भाजी निवडतेस. म्हणून हा कागद तुझ्या तांदळाच्या डब्यात ठेवतोय. तो उघडल्याशिवाय तुझं चालणार नाही.

हो, फोन मीच उचलला. तू बावखलावर होतीस. रिंग वाजायला लागली. तीन रिंगा होईपर्यंत मी ‘उचलायचा नाही’ असं मनाला सांगत होतो. चौथ्या रिंगेला हात गेला. तो “बाबा?” म्हणाला. मी तोंड उघडलं. तीन महिने झाले तरी तोंडाला अजून कळलेलं नाही. वारा सगळा गळ्यातून गेला. मी गळ्यावर हात दाबला, तर श्वासच कोंडला. तो पुढे बोलत होता, “मी पाइप सोडतो, पण बोला.” मला पुढचं ऐकवेना. ठेवला.

डॉक्टरांनी दिलेलं यंत्र गळ्याला लावून बोललो असतो, तर त्याने विचारलं असतं, कोण बोलतंय? तू पाहिलंस ना, कार्मिनचा नातू त्या आवाजाला कसा घाबरून पळाला. ते यंत्र कपाटातच बरं.

रागावलोय असंच त्याला वाटू दे. राग निवतो. मे महिना आता किती लांब आहे? आणि सोमवारी डॉक्टरांना मानेला लागलेली नवी गाठ, ती तर मुळीच सांगायची नाही. त्यांनी मान हलवली ती मी पाहिली, तूही पाहिलीस. आपण दोघंही काही बोललो नाही. मला बोलता येत नाही म्हणून, तू का ते तुला माहीत.

आता पाटीकडे बघत जा. खडू फुकट जातो.

दादा

*

निर्मळ
१ मार्च १९९८

चि. संकेत,

हे पत्र बसून वाच. गॅरेजमध्ये नको, खोलीत वाच.

बाबा रागावलेले नाहीत. बाबांना आवाज नाही. नोव्हेंबरच्या तेरा तारखेला परळला त्यांचं ऑपरेशन झालं आणि घशातलं बोलण्याचं यंत्र काढून टाकलं. विड्यांनी केलं. ते आता गळ्याला ठेवलेल्या भोकातून श्वास घेतात. तू ऐकलास तो तो श्वास. त्यात राग नव्हता रे. ते तुला उत्तर देत होते.

मी देवळात दिव्यासमोर कबूल केलं होतं की तुला कळवणार नाही. आज तो शब्द मोडला. सकाळी देवळात जाऊन सांगून आले.

तुझं पार्सल आलं तेव्हा ते ओट्यावर केळीच्या पानांच्या शिरा काढत बसले होते. पाइप हातात घेतला, नाकाशी नेला. त्यांना आता वास येत नाही. नाकाने श्वास नाही, तर वास कुठून येणार? तरी नाकाशी धरून बसले. मी तुझं पत्र वाचून दाखवलं. ‘शिवी चालेल’ इथे आले आणि मला पुढे वाचता येईना. तेव्हा त्यांनी पाइपच्या दांड्याने ओट्यावर दोनदा टकटक केलं. मी वर पाहिलं. पाटीवर लिहिलं होतं, ‘पूर्ण वाच.’

तेव्हापासून पाइप त्यांच्या हातातच असतो. हाक मारायची सोय झाली. एकदा वाजवला म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. भाजीला मीठ बरोबर आहे का? टक. अजून भात वाढू का? टक टक. मधू वाडीच्या टोकाला असला की पंपाच्या पाइपवर हा पाइप वाजवतात. मधू म्हणतो, “मास्तरांना आवाज होता तेव्हा बरे होते, आता तर दुसऱ्यांदा बोलावतसुद्धा नाहीत, थेट रागावतात.”

मी त्यांना सांगितलं, पोराला सगळं कळवते आहे. ते पाटी घेऊन बसले, आधीचं पुसलं. मग लिहिलं, ‘फोनवर यायला सांग. तो बोलेल, मी वाजवीन.’

तर २२ मार्चच्या रविवारी नेहमीच्या वेळी फोन कर. तोवर हे पत्र पोचेल. रिसिव्हर बाबा उचलतील. हो-नाही म्हणता येईल असेच प्रश्न विचार. आणि रडू नकोस. रडणाऱ्याला वाजवून काय सांगणार ते?

यापेक्षा जास्त विचारू नकोस. ते आता बरे आहेत.

आत्या

*

निर्मळ
२६ मार्च १९९८

चि. संकेत,

विनी महिनाभर सुट्टीवर पुन्हा इथे आली होती, ती उद्या परत जाते. हे पत्र तिच्याच हाती देते आहे, म्हणजे पोस्टाचे दहा-बारा दिवस वाचतील.

काल नाक्यावरच्या फोनच्या बूथवर दोनदा जाऊन उभी राहिले. घरच्या फोनवरून तुझ्याशी बोलले तर ते ऐकतील. पहिल्यांदा बूथमध्ये सोपाऱ्याची कुणीतरी बाई मुलीच्या लग्नाचं बोलत होती. दुसऱ्यांदा बूथ रिकामा होता. रिसिव्हर उचलला आणि माझ्याच तोंडातून काही निघेना. म्हणून लिहिते.

रविवारी तू छान बोललास. त्यांनी दुपारपासून धुतलेला सदरा घालून ठेवला होता. गळ्याला नवं फडकं बांधलं, जसं काही तू बघणार होतास. रिसिव्हर कानाला लावून पाइप बोलायच्या बाजूला धरला. तुझा आवाज बाहेर ऐकू येत होता, मी दाराशी बसले होते.

“बाबा, आहात?” टक. “बरं वाटतं?” टक. “आत्या त्रास देते?” टक. इथे तू हसलास आणि तेही हसले. आवाजाशिवाय हसतात आता, खांदे हलतात फक्त. “माझा राग आलाय?” टक टक. “सुकेळं ठेवलेली तंबाखू फेकून दिली, चालेल?” यावर जरा थांबून टक. मग तू चांदीपच्या बांधाची आठवण काढलीस. विचारलंस, “त्या दिवशी तुम्हीपण रडला होतात ना?” मी या घरात पन्नास वर्षं राहते आहे आणि हे मला माहीत नव्हतं. टक.

मग तू विचारलंस, “बाबा, मी येऊ का? नोकरीचं मी बघतो. आत्ता येऊ का?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग दोन वाजवल्या. अगदी स्पष्ट, वर्गात टेबलावर डस्टर आपटायचे तशा. तू विचारलंस, “नक्की?” टक. तू म्हणालास, “मग मेमध्ये येतो.” टक. आणि लाईन गेली.

संकेत, तुला जे कळलं नाही ते आता सांगते. गेल्या महिन्यात डॉक्टरांना त्यांच्या मानेला नवी गाठ लागली. आता त्याला काही करण्यासारखं नाही, असं त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं. ‘ते आता बरे आहेत’ असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. मे महिन्याचं डॉक्टर काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

लाईन गेल्यावर मी म्हटलं, दादा, द्या इकडे, मी ठेवते. त्यांनी दिला नाही. कानाला तसाच धरून बसले. आतून नुसती घरघर येत होती. मला वाटलं, लाईन गेलेली त्यांना कळली नसेल. तेवढ्यात त्यांनी रिसिव्हरवर पाइप वाजवला.

एकदाच.

मी पाहत होते हे त्यांच्या लक्षात आलं. पाटी ओढून लिहिलं, ‘हे त्याला कळवायचं नाही.’ मी म्हटलं, बरं. या वेळी दिवा नव्हता समोर.

तू ‘आत्ता येऊ का’ विचारलं होतंस, ते या पत्राजवळ ठेवून मी पुन्हा पाहिलं. त्याचं उत्तर हे.

आत्या